उशिरा पडणारे बोट

१

संगणकाच्या खोलीत चपला घालून जायचे नाही, हा नियम सरोज देवस्थळीनेच घालून दिला होता आणि स्वतःसाठीही तो तिने कधी सैल केला नव्हता. १९९० सालची दिवाळीची सुट्टी संपून ठाण्याचे कॉलेज नुकतेच उघडले होते. सोमवारी दुपारी संख्याशास्त्राचा तास आटोपून ती तिसऱ्या मजल्यावर आली. दाराबाहेर चपला काढल्या, यंत्रावरचे खादीचे आच्छादन घडी घालून बाजूला ठेवले आणि बटण दाबले. खोलीत एसीची घरघर तेवढी होती.

स्क्रीनवर हिरवी अक्षरे उमटली. लिपी इंग्रजी, वाक्य मराठी: समुद्र सारखा सरकत असतो. हे वाक्य जसेच्या तसे टाइप करायचे. मग ते कोणी टाइप केले हे यंत्र सांगत असे.

परवलीचा शब्द कोणीही कोणाला सांगू शकतो. इथे वाक्य सगळ्यांना एकच होते, वेगळी होती ती बोटे. एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जायला कोणाला किती वेळ लागतो, कोणते बोट कुठे घुटमळते, हे मोजून यंत्र माणूस ओळखत असे आणि नाव लिहून विचारत असे, ‘बरोबर?’ हो म्हटले की त्या वेळची मोजमापे त्या नावाच्या सरासरीत मिसळून घेत असे, कारण माणसाची बोटेही हळूहळू बदलतात. नाही म्हटले की विचारत असे, ‘मग कोण?’

हा प्रोग्रॅम लुर्दसने लिहिला होता, सतराव्या वर्षी. लुर्दसला जाऊन वर्ष उलटले होते.

सरोजने वाक्य टाइप केले. इतक्या दिवसांत यंत्राने तिला एकदाही चुकीचे ओळखले नव्हते. ती हो म्हणण्यासाठी बोट नेत असतानाच अक्षरे आली.

‘लुर्दस. बरोबर?’

सरोज बघत राहिली. अक्षरांच्या शेवटी हिरवा ठिपका उघडझाप करत होता. यंत्र बंद कसे करावे याचे तिनेच लिहिलेले नियम समोर भिंतीवर होते. त्यातला एकही न पाळता तिने सरळ बटण बंद केले.

२

लुर्दस अकरावीला आली तेव्हा तिच्याकडे कोणी दोनदा पाहिले नसते. वडील ऑस्वल्ड वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते, आई सुझाना मार्केटात सुकी मासळी विकत असे. खाडीकाठच्या ख्रिस्ती पाड्यावरची ही मुलगी खोपटच्या एस. टी. डेपोसमोर टायपिंगच्या क्लासला जायची आणि तिथे रोज मास्तरांची पट्टी खायची. लहानपणी जाळ्यातली मासळी निवडताना शिंगाळा माशाचा काटा तिच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात मोडला होता. जखम भरली, सांधा मात्र आखडला. टायपिंगच्या भाषेत ते तिसरे बोट, आणि कीबोर्डवर त्याच्या वाट्याला येते ते एस हे अक्षर. तिचा एस नेहमी उशिरा पडे.

“मग तुझ्या वाक्यात इतके एस कशाला घातलेस?” सरोजने विचारले होते.

“मॅडम, बरोबर सगळे सारखंच टाइप करतात. चूक ज्याची त्याची वेगळी. माणूस ओळखायचा तर चूकच धरायला पाहिजे ना?”

“चूक नव्हे, विचलन म्हणावं.”

“विचलन म्हटलं की मार्क कापल्यासारखं वाटत नाही, एवढंच.”

त्या यंत्राचे घड्याळ सेकंदाचे जेमतेम अठरा तुकडे करत असे. बोटांची घुटमळ मोजायला ते अगदी भरड होते. लुर्दसने यंत्राच्या पोटात काहीतरी फिरवून त्याला सेकंदाचे हजार तुकडे करायला लावले. हे तिला कोणी शिकवले नव्हते, शिकवू शकेल असे कॉलेजात कोणी नव्हतेही. सरोजने या सुट्टीत तो प्रोग्रॅम छापून घेऊन ओळीओळीने वाचला आणि समजावा म्हणून घरच्या टाइपरायटरवर पुन्हा टाइपही करून पाहिला. एका ठिकाणी दोन दिवस अडल्यावर एकदम उलगडा झाला, तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती. घरात दुसरे कोणी नव्हते. कोणासमोर उभे राहिलो हे तिचे तिलाच सांगता आले नसते.

आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लुर्दसला कावीळ झाली आणि आठवड्याभरात सगळे संपले. शेवटच्या दुपारी सरोज रुग्णालयात तिच्या उशाशी बसली होती. लुर्दस शुद्धीवर नव्हती, पण तिची बोटे चादरीवर हलत होती. बघता बघता सरोजला ते वाक्य वाचता आले. तिसरे बोट उशिरा पडत होते.

३

“ती तर कधीची येते, मॅडम,” मंगळवारी नाथा म्हणाला. नाथा प्रयोगशाळेचा परिचर, चेंदणीच्या कोळीवाड्यातला. संगणकाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे.

“येते म्हणजे काय?”

“म्हणजे नाव येतं हो. तुम्ही पण ना. पोरं बसतात, ते वाक्य मारतात, की ही हजर. लुर्दस, बरोबर?”

“आणि मुलं काय उत्तर देतात?”

नाथाने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने भलतेच काही विचारले. “हो म्हणतात. नाही कोण म्हणणार? गेलेल्या पोरीचं नाव समोर आलंय आणि विचारतंय बरोबर का. त्याला तोंडावर नाही म्हणायचं? परीक्षेच्या दिवशी तर पोरं तिचं नाव यावं म्हणून दोन दोनदा टाइप करतात. पेपर चांगला जातो म्हणे.”

“हे सुरू कोणी केलं?”

“मीच,” नाथा जरा ओशाळून म्हणाला. “पहिल्यांदा माझ्याच वेळी आलेलं. मी मुकाट्याने हो दाबलं आणि हात जोडले. पोरांनी बघितलेलं.”

सरोजच्या छातीवरचे काहीतरी उतरले. दोष सापडला होता, आणि तो साधा होता. यंत्र कधीतरी एकदा चुकले, नाथाने भक्तिभावाने चुकीला होकार दिला आणि त्याची मोजमापे लुर्दसच्या नावात मिसळली. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. वर्षभर कोणीही नाही म्हणाले नव्हते. एका नावात सगळे कॉलेज ओतले, तर त्या नावाने कोणीही ओळखले जाणार. तिने हे नाथाला समजावून सांगितले.

“म्हणजे जाळं फाकलं म्हणा की,” नाथा म्हणाला. “जो येईल तो आत.”

“बरोबर तेच.”

“मग आता पंचाईत झाली. तिच्या आईला सांगून बसलोय मी. मार्केटात भेटलेली. शुक्रवारी येते म्हणाली.”

शनिवारी नवी यंत्रे यायची होती. जुने यंत्र पुसून कोरे करून एका शाळेला द्यायचे ठरले होते आणि त्या कागदावर सही सरोजचीच लागणार होती.

४

यंत्रासमोर बसवण्याआधीच त्या बाईला सत्य सांगावे, या हेतूने सरोज बुधवारी मार्केटात गेली. सुझाना सोड्यांच्या आणि सुकटीच्या ढिगांमागे बसली होती. तिने गिऱ्हाईक बाजूला सारून सरोजसाठी पाट पुढे केला.

“बस, बाय. लुर्दसची बाय ना तू? वळखलं मी.”

सरोजने सावकाश, सोप्या शब्दांत सांगितले. यंत्रात लुर्दस नाही. मुलांनी प्रेमापोटी चुकीचे उत्तर दिले, म्हणून यंत्र तिचे नाव दाखवते. शनिवारी ते पुसून एका शाळेला द्यायचे आहे. सुझानाने सगळे ऐकून घेतले. ऐकताना तिचे हात थांबले नव्हते. ती सोड्यांतली टरफले निवडत होती आणि तिला खाली बघावेही लागत नव्हते.

“शुक्रवारी आमचा मेलेल्यांचा दिस,” ती म्हणाली. “कबरीवर मेणबत्ती लावतात, प्रार्थना करतात. फादर म्हनतात, कर. मी करते. पन कशासाठी करू, सांग. सुटलेली असंल तर तिला शांती मिळो म्हनंन. अडकलेली असंल तर सुटो म्हनंन. वरीसभर दोन्ही म्हनते. अर्धं अर्धं. देवाला तरी काय कळावं?”

“सुझानाबाई, ते फक्त यंत्र आहे.”

“तू शिकलेली हायस. खोटं बोलनार नाय, असं ती म्हनायची. मना शुक्रवारी त्याच्यासमोर बसव आनि मंग सांग. हाय का नाय. तू सांगशील ते मी धरंन.”

शेजारची कोळीण म्हणाली, “सुझाना, गिऱ्हाईक जातंय गो.”

“जाऊ दे. परत येईल. त्याला कुठं जायचंय?” सुझाना म्हणाली आणि कागदात सोडे बांधून तिने ते सरोजच्या हातात दिले. पैसे घेतले नाहीत. सरोज देवस्थळीच्या घरात मासळी शिजत नसे. तरी ती पुडी घेऊन गेली.

५

उत्तर काय द्यायचे हे ठरलेले होते. मात्र पुराव्याविना उत्तर देणे सरोजच्या स्वभावात नव्हते. प्रोग्रॅम प्रत्येक वेळची मोजमापे आणि दर महिन्याची सरासरी वेगळी साठवून ठेवत असे. बुधवारी मार्केटातून परत येऊन तिने ते सगळे आकडे छापून घेतले आणि गुरुवारी सकाळी डोंबिवलीला, कोपरच्या बाजूला असलेल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर कडेला भोके असलेला तो लांबलचक कागद पसरला.

काय दिसायला हवे हे तिला माहीत होते. अनेकांची बोटे एकाच नावात मिसळली, तर आकडे विखुरले पाहिजेत. निम्मी मुले दोन तर्जन्यांनीच टाइप करत, त्यांचे डावे तिसरे बोट कळांना शिवतही नसे. नाथा तर एकाच बोटाने टाइप करत असे. अशा सगळ्यांची सरासरी काढली तर कोणाचाच चेहरा उरू नये, नुसता चिखल उरावा.

लुर्दस गेल्यानंतरच्या महिन्यांतला विखुरलेपणा वाढला नव्हता. तो कमी झाला होता. महिन्यामागून महिना आकडे एकमेकांच्या जवळ येत गेले होते. नाथाने एका बोटाने टाइप केलेले, मुलांनी दोन बोटांनी टाइप केलेले, सगळे जणू एकाच हाताचे होते. आणि प्रत्येक वेळी एस उशिरा होता.

तिने बेरजा तपासल्या. मग, न जुळणारी मोजमापे प्रोग्रॅम गाळून टाकतो की काय, म्हणून ओळी पुन्हा वाचल्या. गाळत नव्हता. चहा गार झाला. खाली कोणीतरी भांडी घासत होते आणि तो आवाज तिला आधारासारखा वाटला.

शेवटी तिने आलेख काढला. लुर्दस जिवंत असताना तिचा वेग हळूहळू वाढत होता, जसा शिकणाऱ्या कोणाचाही वाढतो. ते ठिपके सरोजने काळ्या शाईने मांडले. नंतरच्या महिन्यांचे ठिपके लाल शाईने मांडले आणि पट्टी ठेवून रेघ ओढली. ऑगस्टपाशी रेघ तुटायला हवी होती.

तुटली नव्हती. लाल ठिपके काळ्यांच्या पुढे त्याच चढणीवर निघाले होते. मुलगी शिकतच होती.

सरोजने पेनाला टोपण लावले. भीती वाटते आहे का, हे तिने स्वतःला प्रामाणिकपणे विचारले. वाटत होती. पण जिला ती भीती म्हणत होती तिच्यात, त्या सुट्टीतल्या दुपारी तिला खुर्चीतून उठवून उभे करणारी गोष्टही होती, आणि दोन्ही वेगळ्या काढता येत नव्हत्या.

६

शुक्रवारी भर दुपारी सुझाना आली. नाथाने तिला जिना चढवून आणले. दाराबाहेर चपला काढ, असे तिला सांगावे लागले नाही. चर्चला जाण्याची साडी, हातात पिशवी, पिशवीतून मेणबत्त्यांची टोके आणि झेंडू डोकावत होते. नाथा दारातच उभा राहिला.

“हिथं बसायची काय?” सुझानाने विचारले.

“इथेच. या खुर्चीवर.”

सुझानाने खुर्चीच्या पाठीला हात लावून पाहिला, पण बसली नाही. “तू बस. मी बघते.”

सरोज बसली. आलेखाचा कागद तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला होता आणि तो ती दाखवणार नव्हती. तिने रात्री सगळा विचार केला होता. आकड्यांचे कारण तिला ठाऊक नव्हते. ज्याचे कारण ठाऊक नाही, त्याला ‘आहे’ म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि ‘आहे’ म्हटले तर ही बाई उद्या यंत्र पुसू देणार नाही, आयुष्यभर त्या खोलीच्या दारात बसून राहील. म्हणून, वर्षभर कोणी दिले नव्हते ते उत्तर ती स्वतः देणार होती, मुलीच्या आईसमोर.

“मी हे वाक्य टाइप करते,” ती म्हणाली. “यंत्र एक नाव विचारेल. नाव चुकीचं असेल तर मी नाही म्हणेन. मग ते कोण आहे असं विचारेल, आणि मी माझं नाव सांगेन.”

“बरं.”

समुद्र सारखा सरकत असतो. कळांचा आवाज एसीच्या घरघरीवरही स्पष्ट ऐकू येत होता. हिरवा ठिपका क्षणभर थांबला.

“काय लिवलंय?” सुझानाला वाचता येत नव्हते.

सरोजला खोटे बोलता आले असते. “लुर्दस,” ती म्हणाली. “विचारतंय, बरोबर का.”

दारातल्या नाथाने हात जोडले.

सरोजने नाहीची कळ दाबली. सोपे गेले. पहिल्यांदाच कोणीतरी ती दाबली होती, आणि खोलीत काहीही झाले नाही. घरघर तशीच राहिली. ‘मग कोण?’ यंत्राने विचारले.

आपल्या नावाचे पहिले अक्षर एस आहे, हे सरोजच्या ध्यानात आले ते बोट उचलल्यावर.

डाव्या हाताचे तिसरे बोट कळेवर पडेना. दुखत नव्हते, बधिरही झाले नव्हते. ते तिथे होते, कळेच्या वर, किंचित वाकडे, शेवटचा सांधा आत वळलेला, आणि वाट पाहत होते. बाकीची बोटे जागच्या जागी तयार होती. इतकी वर्षे टाइप करताना आपल्या हाताकडे कधी पाहिले नव्हते, तसे ती आता पाहत राहिली. तो हात तिचाच होता. मनगटावर घड्याळ होते, नखाशी कालच्या लाल शाईचा डाग होता. बोट वाकण्याची रीत मात्र तिची नव्हती. मग बोट खाली गेले. सरोजने नेले नाही. आपल्या वेळेने गेले.

पुढची अक्षरे भराभर उमटली. सरोज. यंत्राने नाव घेतले आणि पुढे काही विचारले नाही.

७

सुझाना स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती सरोजच्या हाताकडे बघत होती.

ती वाकली, तिने तो डावा हात कीबोर्डवरून उचलून आपल्या हातात घेतला आणि आखडलेल्या सांध्यावर अंगठा ठेवून गोल गोल दाबू लागली. तिच्या हाताला सुकटीचा वास येत होता. कुठे दाबायचे, किती जोराने दाबायचे, हे तिला शोधावे लागले नाही. सांधा हळूहळू सैल झाला.

“गारव्यात आखडतं हे,” ती म्हणाली. “गरम पान्यात मीठ टाकून धरायचं. ती आयकायची नाय. इथं येऊन या थंड खोलीत बसायची.”

सरोजने हात काढून घ्यायला हवा होता.

“तू काय सांगितलंस त्याला? मघाशी, नाव इचारलं तेव्हा?”

“नाही म्हणाले.” सरोजचा आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला. “सुझानाबाई, मी नाही असं उत्तर दिलं.”

सुझानाने मान डोलवली. अंगठा थांबला नव्हता.

“ती पन नायच म्हनायची,” ती म्हणाली. “दुखतं का गो, असं इचारलं की.”

दारात नाथा खाली बघत होता. सरोजच्या मनात खुलाशाची वाक्ये नीट रचून तयार होती: सुट्टीभर तिचा प्रोग्रॅम टाइप केल्याने हाताला लागलेली सवय, सांध्यावरचा ताण, मनाचा प्रभाव. प्रत्येक वाक्य शक्य होते. तिने एकही उच्चारले नाही.

सुझानाने हात सोडला, पदराने आपले हात पुसले आणि पिशवी उचलली. “आता एकच प्रार्थना करीन,” ती म्हणाली. “अर्धी अर्धी नाय.” कोणती, ते तिने सांगितले नाही, आणि सरोजला विचारावेसे वाटले नाही. “यंत्र तुमचं काय करायचं ते करा, बाय. आता तिला त्याची गरज नाय.”

ती गेल्यावर सरोजने या वेळी सगळे नियम पाळून यंत्र बंद केले. आच्छादन घातले, त्याची चारही टोके सारखी केली. यंत्र पुसण्याचा कागद नाथाने समोर ठेवला. उजव्या हाताने तिने सही केली, नेहमीसारखी, एकाही वळणात फरक नव्हता.

डावा हात टेबलावर होता. बोटे लाकडावर हलत होती, सावकाश, एकामागून एक. काय टाइप होते आहे हे वाचायला तिला खाली बघावे लागले नाही. तिसरे बोट यायचे होते. नाथा कागद घेऊन गेला, आणि सरोज त्या बोटासाठी थांबली.